केप रॅथ अल्ट्रा: आठ दिवसांच्या धावेत शरीर नेमकं कुठे अडतं

केप रॅथ हे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीचं वायव्य टोक. उंच कडे, खवळलेला समुद्र आणि रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी १८२८ साली उभारलेलं दीपगृह एवढंच तिथे आहे. फोर्ट विल्यम या गावापासून तिथवर 'केप रॅथ अल्ट्रा' ही मॅरेथॉनहून कितीतरी लांब पल्ल्याची शर्यत २०१६ मध्ये पहिल्यांदा झाली. मे महिना, आठ दिवस, सुमारे ४०० किलोमीटर आणि सगळा मिळून जवळजवळ ११,२०० मीटर चढ. मॅरेथॉन धावणारा चटकन भागाकार करतो, रोज ५० किलोमीटर निघतात आणि गोष्ट आवाक्यातली वाटू लागते.

डोंगरात हिशेब अंतराचा नाही, तासांचा करायचा असतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये त्यासाठी एक साधा नियम दिला. आजच्या मापात तो असा: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. या नियमाने इथे ८० अधिक १९, म्हणजे ९९ तास होतात. रोज सव्वाबारा तास पायांवर. टप्पेही सारखे नाहीत. तिसऱ्या दिवशी सुमारे ६८ किलोमीटर आणि २,४०० मीटर चढ असतो. नेस्मिथच्या नियमाने तो चालत साडेसतरा तासांचा पल्ला आहे. ठरलेल्या वेळेत चौकी गाठायची तर सपाटीवर आणि उतारावर धावावंच लागतं. चढ मात्र बहुतेक सगळे झपाझप चालतच चढतात. त्यामुळे हृदय आणि फुप्फुसं इथे क्वचितच कमी पडतात. कमी पडतात त्या मांड्या, आतडी आणि पायांची कातडी.

मांड्यांचं नुकसान चढावर होत नाही, उतारावर होतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून ब्रेक लावत असतो. त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं, म्हणजे नेमकं त्या लांब टप्प्याच्या वेळी. उपाय एकच, आधी काही आठवडे उतारांचा सराव. एकदा अशी इजा भरून आली की तोच स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने कमी दुखावतो. आपल्याकडे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून परत पायी उतरण्याच्या फेऱ्या यासाठी उत्तम. चढून गेल्यावर गाडीने खाली येणाऱ्याचा अर्धा सराव वाया जातो. शर्यतीत दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन मात्र घेऊ नये. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा ज्या रसायनांवर टिकून असतो, तीच हे औषध दाबतं.

आतड्यांचा प्रश्न अधिक खोल आहे. ७० किलो वजनाचा माणूस सपाटीवर किलोमीटरला साधारण ७० कॅलरी खर्च करतो. ५० किलोमीटरला ३,५०० झाल्या. त्यात चढ, दलदल आणि शरीर नुसतं चालू ठेवण्याच्या सुमारे १,७०० मिळवल्या, तर दिवसाचा खर्च ६,००० च्या आसपास जातो. मानवी ऊर्जाखर्चाचे अभ्यासक हर्मन पाँटझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलं, की अन्नातून शरीर दीर्घकाळ मूळ खर्चाच्या, म्हणजे नुसतं चालू राहण्याच्या खर्चाच्या, साधारण अडीच पटच ऊर्जा शोषू शकतं. आपल्या उदाहरणात ती ४,२५० होते. म्हणजे कितीही जेवलात तरी रोज दीड हजारांहून जास्त तूट. आठ दिवसांत ती दीड-दोन किलो चरबीएवढी होते आणि शरीर ती सोसतं. सोसवत नाही ते साठवलेल्या साखरेचं, ग्लायकोजेनचं, रिकामं होणं. तो साठा जेमतेम दोन हजार कॅलरींचा. तो रोज भरावा लागतो.

म्हणून पहिल्या तासापासून, भूक नसताना, तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच आत घेतं. फ्रुक्टोजची वाट वेगळी असल्याने दोन्ही मिळून ९० पर्यंत जाता येतं. चौथ्या दिवसानंतर गोडाचा वीट येतो, तेव्हा खारट पदार्थ हाताशी हवेत. चिक्की चालते, पण पेढे किंवा दुधाचे इतर पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. मुक्कामी पोचल्यावर तंबूत आडवं होण्याआधी, पहिल्या तासातच, ७० ग्रॅम कर्बोदकं आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. पाणी तहानेपुरतंच. थंड हवेत घाम कमी येतो आणि उगाच लिटर-लिटर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकतं.

आता थंडी. मे महिन्यातला ५ अंशांचा पारा ऐकून कुणी घाबरत नाही. पण ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात कातडीला तो उणे १ सारखा लागतो, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. धावताना स्नायूंनी खर्चलेल्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता होतो, म्हणून भिजलेला धावपटूही उबदार राहतो. धोका येतो तो वेग मंदावल्यावर. संध्याकाळी अंगातली साखर संपते, पाय जड होतात, अंगातली भट्टी विझू लागते आणि कपडे तर ओलेच असतात. शब्द अडखळणं, जाकिटाची चेन लावता न येणं, सपाटीवर ठेचकाळणं ही पहिली लक्षणं, आणि ती स्वतःच्या नाही तर सोबत्याच्या लक्षात येतात. पाणी झिरपू नये म्हणून शिवणींवर आतून पट्टी असलेलं जाकीट, तशीच विजार, टोपी, हातमोजे, जीवरक्षक पिशवी (अडकून पडल्यास आत शिरून ऊब धरायची) आणि जलरोधक थैलीत कोरडा ठेवलेला उबदार थर हे ओझं वाटलं तरी कमी करू नये. जाकीट थंडी वाजल्यावर नाही, थांबण्याआधी चढवायचं.

नद्यांवर पूल असतीलच असं नाही. पातळ माती आणि कठीण खडक यांमुळे पाऊस मुरत नाही. नाले काही तासांत फुगतात, तसे काही तासांत उतरतातही. पाणी वेगाचं आणि गुडघ्याच्या वर असेल तर वाट पाहावी किंवा वर जाऊन फाट्यांपाशी ओलांडावं. पाठपिशवीचे पट्टे सोडून, प्रवाहाकडे तोंड करून, काठ्या टेकत आडवं सरकायचं. बूट काढू नयेत.

पाय तसेही आठ दिवस ओलेच राहतात. जलरोधक बूट इथे उलटे ठरतात, कारण वरून शिरलेलं पाणी त्यांतून निघत नाही. जाळीचे, खोल दातांचे आणि अर्धा नंबर मोठे बूट घ्यावेत, कारण पावलं सुजतात. चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथे पाच मिनिटं थांबून पट्टी लावावी. फोड आल्यावर तीच पाच मिनिटं पुरत नाहीत. रात्री पाय पुसून, कोरडे करून, कोरडे मोजे. हे मोजे फक्त झोपण्यासाठी, दिवसा वापरायचे नाहीत.

वाटेवर खुणा नाहीत, बऱ्याच दऱ्यांत मोबाइलला रेंज नाही. मदतीसाठी मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. रेंज असेल तर ९९९ वर फोन करून आधी पोलीस आणि मग पर्वतबचाव पथक मागायचं.

मिज नावाची चिलटं मे अखेरीपासून वाढतात; थोडा वारा असला तरी त्यांना उडता येत नाही, म्हणून जेवायला वाऱ्यावर बसावं. गोचिडी मात्र नेच्यांत आणि गवतात वारा असतानाही दबा धरून असतात. रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत शोधाव्यात आणि बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढाव्यात. तेल, काडेपेटी नको. चावल्यावर ३ ते ३० दिवसांत पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर तो लाइम आजार असू शकतो. प्रतिजैविकांनी तो बरा होतो. भारतात तो फारसा आढळत नसल्याने इथल्या डॉक्टरांना स्कॉटलंडमध्ये गवतातून फिरल्याचं स्वतःहून सांगावं.