डीफॉल्ट पॅरामीटर (जावास्क्रिप्ट)

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शन लिहितानाच त्याच्या पॅरामीटरला (फंक्शन ज्या नावाने माहिती स्वीकारते त्याला) जोडून ठेवलेले पर्यायी मूल्य. कॉल करताना ते आर्ग्युमेंट (त्या पॅरामीटरसाठी दिलेले प्रत्यक्ष मूल्य) वगळले, किंवा त्या जागी ‘अनडिफाइन्ड’ (मूल्य ठरलेले नाही असे सांगणारी खूण) आले, तर हे मूल्य वापरले जाते. गुणाकार(अ, ब = 1) अशा फंक्शनला केवळ 5 दिल्यास उत्तर 5 येते; डीफॉल्ट नसता तर ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे सांगणारे मूल्य) आले असते. एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या सहाव्या आवृत्तीने (जून 2015) ही सोय प्रमाणित केली.

त्याआधी फंक्शनच्या आत ‘सेकंद = सेकंद || 30’ (डावे मूल्य ‘खोटे’ गणले गेल्यास उजवे घ्या) अशी ओळ लिहिण्याचा प्रघात होता. मात्र 0, रिकामी स्ट्रिंग आणि ‘फॉल्स’ ही वैध मूल्येही तीत गळून पडत: मुद्दाम 0 सेकंद मागणाऱ्याला 30 सेकंद मिळत. काटेकोर लिहिणारे त्यामुळे मूल्याचा प्रकार सांगणाऱ्या ‘टाइपऑफ’ने तपासणी करत.

या रचनेचा उगम नेमका कोठला, याविषयी एकमत नाही. ‘पॅरामीटर = मूल्य’ ही मांडणी सी++ आणि पायथनमध्ये पूर्वीपासून आहे, म्हणून पुष्कळदा श्रेय पायथनला दिले जाते. पण पायथनमध्ये डीफॉल्टचे मूल्य फंक्शन घडताना एकदाच काढले जाते. डीफॉल्ट म्हणून यादी दिली असेल, तर एका कॉलमध्ये त्या यादीत टाकलेला घटक पुढच्या कॉललाही दिसतो. जावास्क्रिप्टमध्ये डीफॉल्ट लागू होईल त्या प्रत्येक कॉलला ते नव्याने काढले जाते, त्यामुळे ‘यादी = []’ लिहिल्यास दर वेळी कोरी यादी मिळते. या बाबतीत सी++शी साम्य अधिक. दुसरे मत एक्मास्क्रिप्टच्या चौथ्या आवृत्तीकडे बोट दाखवते. 2008 मध्ये सोडून दिलेल्या त्या मसुद्यात पर्यायी पॅरामीटर होते आणि त्याच्याशी नाते सांगणाऱ्या ॲक्शनस्क्रिप्ट 3 या भाषेत (2006) ते प्रत्यक्ष वापरात आले. मात्र तेथे डीफॉल्ट म्हणून संकलनाच्या (कंपाइल होण्याच्या) वेळी ठरणारे स्थिर मूल्यच चालते. जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणाऱ्या कॉफीस्क्रिप्ट या भाषेचा प्रभावही सांगितला जातो, परंतु तिच्या पहिल्या पिढीत ‘नल’ (मुद्दाम दिलेले ‘काही नाही’ हे मूल्य) दिले तरी डीफॉल्ट लागू होई. मांडणी जुन्या मसुद्याच्या वळणाची आणि अर्थ बव्हंशी प्रमाण समितीने स्वतः ठरवलेला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. केवळ वगळलेल्या आर्ग्युमेंटला डीफॉल्ट द्यावा की उघडपणे दिलेल्या ‘अनडिफाइन्ड’लाही, हा प्रश्न 2012 च्या सुमारास समितीपुढे होता. दुसरा पर्याय स्वीकारल्यामुळे एका फंक्शनने आपले आर्ग्युमेंट दुसऱ्याकडे जसेच्या तसे सोपवले तरी तेथील डीफॉल्ट टिकून राहतो.

‘नल’ला मात्र डीफॉल्ट लागत नाही. माहितीची देवाणघेवाण करण्याच्या जेसन या मजकूर-स्वरूपात ‘अनडिफाइन्ड’ नसतो, ‘नल’ असतो. तिकडून आलेली माहिती थेट फंक्शनला दिल्यास डीफॉल्ट बाजूलाच राहतो. तेथे 2020 च्या आवृत्तीतील ‘??’ हा ऑपरेटर वापरतात; डावीकडे ‘नल’ किंवा ‘अनडिफाइन्ड’ असेल तरच तो उजवे मूल्य घेतो.

डीफॉल्ट डावीकडून उजवीकडे काढले जातात. (अ, ब = अ * 2) चालते; (अ = ब, ब = 1) मध्ये ‘अ’ वगळल्यास रेफरन्स एरर येते, कारण ‘ब’ तोवर टेम्पोरल डेड झोनमध्ये (नाव आहे, पण मूल्य मिळालेले नाही अशा अवस्थेत) असतो. डीफॉल्टच्या जागी कोणतीही राशी (एक्स्प्रेशन) चालत असल्याने एरर फेकणाऱ्या फंक्शनचा कॉल तेथे ठेवून पॅरामीटर सक्तीचा करण्याची युक्तीही रूढ आहे. डीफॉल्टमधील राशींचा स्कोप (नावे दिसण्याची कक्षा) फंक्शनच्या मुख्य भागाहून वेगळा असतो. पॅरामीटरच्याच नावाचे चल ‘व्हार’ने आत घोषित केल्यास त्याला सुरुवातीचे मूल्य पॅरामीटरचे मिळते, पण पुढे त्यात केलेला बदल डीफॉल्टमध्ये लिहिलेल्या ॲरो फंक्शनला (‘=>’ने लिहिलेल्या छोट्या फंक्शनला) दिसत नाही. प्रत्यक्षात हे क्वचितच आड येते.

एकाही पॅरामीटरला डीफॉल्ट दिला की ‘आर्ग्युमेंट्स’ ऑब्जेक्ट (कॉलमध्ये आलेल्या सर्व मूल्यांचा संच) आणि पॅरामीटर यांची सांगड सुटते. स्ट्रिक्ट मोडबाहेर (‘यूज स्ट्रिक्ट’ लिहून चालू होणाऱ्या कडक नियमांबाहेर) एरवी एकात केलेला बदल दुसऱ्यात उमटतो. अशा फंक्शनच्या आत ‘यूज स्ट्रिक्ट’ लिहिण्यास 2016 च्या आवृत्तीने मनाई केली. फंक्शनच्या ‘लेंग्थ’ या गुणधर्मात (पॅरामीटरच्या संख्येत) पहिल्या डीफॉल्टच्या आधीचेच पॅरामीटर मोजले जातात. एक्सप्रेस या वेब सर्व्हरसाठीच्या फ्रेमवर्कमध्ये एरर हाताळणारे फंक्शन या ‘लेंग्थ’वरूनच, म्हणजे 4 पॅरामीटरवरून, ओळखले जाते, शेवटच्या पॅरामीटरला डीफॉल्ट दिला तर लेंग्थ 3 होते आणि ते साधे मिडलवेअर (विनंती वाटेत हाताळणारे फंक्शन) गणले जाते.