नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे सगळ्यांना सारखा स्पीड? छे!

नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट्स-ॲप्सना सारखंच वागवायचं हा नियम, आली की सगळ्यांना एकच स्पीड द्यावा लागतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. साफ चूक. जास्त पैसे मोजून मोठा प्लॅन घ्यायला या नियमाची हरकत नाहीच. हरकत आहे ती घेतलेल्या प्लॅनच्या आत कंपनीने साइट्स-ॲप्समध्ये आपपरभाव करण्याला. अमेरिकेत २००७ साली कॉमकास्ट ही केबल-इंटरनेट कंपनी नेमकी त्यातच सापडली. बिटटोरंटवर (लोकांनी आपसात फाईली वाटून घ्यायची पद्धत) फाईल जात असताना कंपनी मध्येच खोटे ‘रीसेट’, म्हणजे ‘जोडणी तोडा’ असे संदेश घुसवायची. दोन्हीकडच्या संगणकांना वाटायचं, समोरच्यानेच संबंध तोडला. (चोरी ती चोरी, वर दुसऱ्याच्या नावावर!) हीच कंपनी पुढे एनबीसी युनिव्हर्सल ही टीव्ही-सिनेमावाली कंपनी विकत घ्यायला निघाली, तेव्हा लोक बिचकले ते उगाच नाही: तार तिची, कार्यक्रमही तिचेच. २०११ मध्ये सरकारी परवानगी मिळाली, पण ७ वर्षांच्या अटींसह. २०१८ मध्ये त्या अटींची मुदत संपली.