आळशी रुपयाची किंमत

स्टेट बँकेच्या बचत खात्यात वर्षभर एक लाख रुपये पडून राहिले, तर जून २०२५ मध्ये ठरलेल्या दराने त्यावर अडीच हजार रुपये व्याज मिळतं. तेच लाख रुपये त्याच बँकेत, त्याच मोबाइल अ‍ॅपवरून एक वर्षाच्या मुदत ठेवीत टाकले असते, तर सहा हजारांच्या वर मिळाले असते. काम पाच मिनिटांचं आणि फरक साडेतीन हजारांहून जास्त. तरीही देशभरातल्या बचत खात्यांत लाखो कोटी रुपये तसेच पडून आहेत, कारण आपण ‘बघू नंतर’ म्हणतो. बँकांचा मोठा नफा या ‘नंतर’वर उभा असतो.

सामान्य माणसाच्या ठेवी, घरकर्ज, वाहनकर्ज, क्रेडिट कार्ड या सगळ्याला मिळून रिटेल बँकिंग म्हणतात. भारतातल्या या धंद्याला केवढा वाव आहे हे सांगताना तरुणांची संख्या, स्मार्टफोन, घरांची मागणी असे आकडे पुढे केले जातात. ते खोटे नाहीत, पण कर्ज मागणारे मिळणं ही या देशात कधीच अडचण नव्हती. पुढच्या दहा वर्षांची वाढ ठरेल ती कर्ज द्यायला लागणारा स्वस्त पैसा बँकांकडे किती टिकून राहतो यावर, असं मला वाटतं.

बँकेची मूळ करामत अशी, की खातेदार आज दुपारी मागेल तेव्हा परत द्यायचा पैसा ती दुसऱ्याला वीस वर्षांच्या घरकर्जासाठी देते. हे चालतं ते बृहत् संख्यांच्या नियमामुळे. एखाद्या खातेदाराला उद्या किती पैसे लागतील हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण दहा लाख खाती एकत्र धरली, की उद्या एकूण किती पैसे निघतील याचा अंदाज बऱ्यापैकी अचूक येतो. कुणाची फी भरायची असते, कुणाच्या घरी लग्न निघतं, त्याच दिवशी तिसऱ्याचा पगार जमा होतो. गणपती-दिवाळीला पैसा बाहेर पडतो, पण तो दरवर्षीच पडतो, त्यामुळे तोही हिशोबात धरलेला असतो. अशा चढउतारांखाली शिल्लक रकमेचा एक जाड थर वर्षानुवर्षं हलतच नाही. कागदोपत्री तो केव्हाही काढता येतो, प्रत्यक्षात मात्र दीर्घ मुदतीच्या भांडवलासारखा वागतो. फक्त एक अट आहे. लोकांचे निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट सुचली, की गणित कोसळतं.

हा आळस किती चिवट असतो याचा एक प्रयोग भारतात आपोआप घडून गेला. मार्च २००३ पासून मे २०११ पर्यंत बचत खात्यावरचं व्याज रिझर्व्ह बँकेनेच ३.५ टक्के ठरवून दिलेलं होतं. मग ते ४ टक्के झालं. ऑक्टोबर २०११ मध्ये हे बंधन उठलं आणि प्रत्येक बँकेला आपापला दर ठरवायची मोकळीक मिळाली. एखाद-दुसऱ्या खासगी बँकेने लगेच ६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. मोठ्या बँका ४ टक्क्यांवर बसून राहिल्या. पुस्तकी अर्थशास्त्रानुसार पैशाचा लोंढा ६ टक्क्यांकडे वळायला हवा होता. तसं काही झालं नाही. पगार तिथेच जमा होत होता, शाखा घराजवळ होती, विम्याचा हप्ता त्याच खात्यातून जात होता. दीड-दोन टक्क्यांसाठी कोण धावपळ करणार? स्टेट बँक ४ टक्क्यांवरून हलली ती २०१७ मध्ये, आणि तीही खाली.

आता ही धावपळच उरलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं, तेव्हा त्यात २१ बँका होत्या. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवरून २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. लोकांना फोनवरून पैसे हलवायची सवय लागली, तशी ते दुसरीकडे लावायचीही लागली. म्युच्युअल फंडांच्या एसआयपीत, म्हणजे ठरावीक हप्त्याने गुंतवणूक करायच्या योजनेत, दरमहा येणारी रक्कम एप्रिल २०२४ मध्ये २० हजार कोटींवर गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २५ हजार कोटींच्या पुढे. ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणात तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी ठेवी अशा दुसरीकडे वळण्याबद्दल बँकांना सावध केलं. त्याआधी महिनाभर स्टेट बँकेने ४४४ दिवसांची ७.२५ टक्के व्याजाची ठेव योजना काढली होती. एवढी मोठी बँक अशा विचित्र आकड्याच्या योजनेची जाहिरात करते, तेव्हा ठेवींसाठी रस्सीखेच सुरू आहे हे ओळखावं. एचडीएफसी बँकेचं उदाहरण तर याहून ठळक. जुलै २०२३ मध्ये घरकर्ज देणारी मूळ कंपनी तिच्यात विलीन झाली; कर्जांचा डोंगर आला, पण त्याला पुरतील एवढ्या ठेवी आल्या नाहीत. प्रत्येक १०० रुपये ठेवीमागे दिलेलं कर्ज ११० रुपयांच्या घरात गेलं आणि ते खाली आणण्यात पुढची दोन वर्षं गेली.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. ‘लोकांचा पैसा बँकेतून शेअर बाजारात गेला’ हे वाक्य बातम्यांत रोज ऐकू येतं, आणि ते जवळजवळ चूक आहे. समजा, सांगलीच्या एका शिक्षिकेच्या खात्यातून ५ हजारांची एसआयपी गेली. ते पैसे फंडाच्या बँक खात्यात जमा झाले. फंडाने शेअर घेतले, की ते शेअर विकणाऱ्याच्या बँक खात्यात गेले. बँकव्यवस्थेतून एक रुपयाही बाहेर पडला नाही. बाहेर पडतो तो पैसा वेगळा: लोक नोटा काढून घरी ठेवतात तेव्हा, कर सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जाऊन खर्च होईपर्यंत पडून राहतो तेव्हा, किंवा रिझर्व्ह बँक डॉलर विकून रुपये गोळा करते तेव्हा. इतकंच काय, कर्ज दिल्याने ठेव तयार होते. घरकर्ज मंजूर झालं, की ती रक्कम बिल्डरच्या खात्यात ठेव म्हणून उगवते. फक्त ते खातं तुमच्याच बँकेत असेल याची खात्री नाही.

मग बँका कुरकुरतात कशाला? रुपया तोच असला तरी मालक बदलला, की त्याचा स्वभाव बदलतो. हा स्वभाव चक्क आकड्यांत मोजलेला आहे. तीस दिवसांचं संकट आलं तर कुठली ठेव किती निघून जाईल, हे गृहीत धरून बँकांना तेवढी रोख किंवा सरकारी रोखे हाताशी ठेवावे लागतात. शिक्षिकेच्या खात्यातली, बँक बुडाल्यास विम्याचं संरक्षण असलेली ठेव ‘स्थिर’ मानली जाते. तिच्यातले ५ टक्के जातील असं धरतात. जरा कमी भरवशाच्या वैयक्तिक ठेवींना १० टक्के, कारखानदार कंपनीच्या ठेवींना साधारण ४० टक्के. म्युच्युअल फंडासारख्या वित्तीय संस्थेची ठेव असेल तर १०० टक्के. म्हणजे ५ हजार रुपये शिक्षिकेच्या खात्यात होते तोवर त्यांच्यासाठी अडीचशे रुपये बाजूला ठेवून भागत होतं. तेच फंडाच्या खात्यात गेल्यावर पाचच्या पाच हजारांची तजवीज करावी लागते. शिवाय फंडाचा खजिनदार व्याजाची घासाघीस करतो, शिक्षिका करत नाही. सगळ्या बँकांची मिळून बेरीज तीच राहते, पण स्वस्त आणि आळशी रुपयाच्या जागी महाग आणि चपळ रुपया येतो.

चपळाईचं टोक जगाने मार्च २०२३ मध्ये पाहिलं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एकाच दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायच्या सूचना आल्या. शाखेबाहेर भली मोठी रांग लागायची गरजच पडली नाही, बहुतेकांनी घरी बसून फोनवरून पैसे हलवले. खातेदार एकाच वर्तुळातले, एकमेकांचे संदेश वाचणारे. निर्णय स्वतंत्र असण्याची ती अट तिथे तुटली. रिझर्व्ह बँकेने यावरून बोध घेऊन एप्रिल २०२५ मध्ये नियम काढला, की इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंगची सोय असलेल्या वैयक्तिक ठेवींवर आणखी अडीच टक्के जादा गळती धरायची. अंमल १ एप्रिल २०२६ पासून. आधीच्या मसुद्यात हा आकडा ५ टक्के होता. बँकांनी गळा काढल्यावर तो निम्मा झाला. मला हा नियम फार बोलका वाटतो. खातेदाराच्या हातातल्या फोनची किंमत नियामकाने टक्क्यांत लावली आहे.

आता कर्जाच्या बाजूकडे. इथे तंत्रज्ञानाने बँकांना भरभरून दिलं. पूर्वी अर्जदाराच्या घरी माणूस पाठवावा लागे. आज तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा क्रेडिट स्कोअर काही सेकंदांत समोर येतो. हप्ते वेळेवर गेले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरली, इतिहास किती जुना, नुकते किती ठिकाणी अर्ज केले, यावरून कर्ज थकण्याची शक्यता काढायची. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती महिन्याऐवजी पंधरवड्याला देणं भाग पडलं. छोटं कर्ज देण्याचा खर्च इतका घसरला, की विनातारण वैयक्तिक कर्जं वर्षाला २० टक्क्यांहून जास्त वेगाने फुगायला लागली.

अडचण अशी, की स्कोअर भूतकाळ सांगतो. एकाच माणसाने पाच अ‍ॅपवरून पाच कर्जं उचलली आणि नोकरी गेली, तर पाचही एकदम थकतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांचं जोखीम-वजन १०० वरून १२५ टक्के केलं. साध्या भाषेत, लाखाच्या कर्जामागे बँकेला किमान ९ हजार रुपये स्वतःचं भांडवल अडकवावं लागत होतं, तिथे सव्वाअकरा हजार लागू लागले. वर्ष-दीड वर्षात वाढीचा वेग एक आकडी झाला. घर, वाहन, शिक्षण आणि सोनं यांच्या कर्जांना या वाढीव वजनातून वगळलं होतं. पुढे काय घडलं असेल? २०२४-२५ मध्ये बँकांच्या नोंदीतली सोनेतारण कर्जं दुप्पट झाली. त्यात थोडा भाग शेतीखाली दाखवलेली कर्जं या सदरात आणल्याचा आहे, सोन्याच्या चढत्या भावाचा आहे. पण अ‍ॅपने ‘नाही’ म्हटलेली बरीच गिऱ्हाइकं आईच्या पाटल्या घेऊन शाखेत आली, हेही उघड आहे. एवढं संगणकीय गणित करून शेवटी भारतीय बँकिंग पुन्हा तराजूकाट्याशी आलं, याची गंमत वाटते. बरं, घरकर्ज सोडून इतर कर्जांचा वाटा भारतीय कुटुंबांच्या एकूण कर्जात निम्म्याहून अधिक आहे. कुटुंबांचं कर्ज जीडीपीच्या ४१-४२ टक्के, म्हणजे इतर देशांच्या मानाने कमी, असं सांगून वाढीचं चित्र रंगवणाऱ्यांनी हा तपशील सोबत सांगायला हवा. घर बांधून ठेवणारं कर्ज आणि फोन-सहल-लग्नाचं कर्ज एकाच मापाने मोजून चालत नाही.

मुळात बचत खात्याच्या व्याजाची गाडी अडीच टक्क्यांवर आली कशी, तेही बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची घरकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते तो दर) बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, आणि हप्त्यांवरचं व्याज त्यापाठोपाठ उतरलं. ठेवींचं तसं नसतं. जुलै २०२४ मध्ये ४४४ दिवसांसाठी ७.२५ टक्क्यांनी घेतलेली ठेव ऑक्टोबर २०२५ उजाडेपर्यंत त्याच दराने सांभाळावी लागली. उत्पन्न आज घटलं, खर्च वर्षाने घटणार. या कात्रीत सापडलेल्या बँकेला एका फटक्यात कापता येईल असा दर एकच होता, बचत खात्याचा. म्हणजे आळस घटतोय अशी तक्रार करणाऱ्या बँकांनीच उरलेल्या आळसाची किंमत आणखी पाडली!

स्वस्त ठेवींचा नवा साठा कुठे आहे? जनधन खात्यांकडे बोट दाखवलं जातं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०२५ च्या मध्यापर्यंत ५६ कोटींच्या आसपास खाती आणि अडीच लाख कोटींहून जास्त रक्कम होती. भागाकार केला, तर खात्यामागे साडेचार-पाच हजार रुपये येतात. हा पैसा सरकारी मदतीचा, मजुरीचा. तो पडून राहण्यासाठी आलेला नसतो. निमशहरी भागातल्या नागरी सहकारी बँका आणि स्मॉल फायनान्स बँका जास्त व्याज देऊन ठेवी ओढतात, आणि तिथे खातेदार पाच लाखांच्या विम्याकडे बघून रक्कम ठरवतो. हे विमासंरक्षण आलं तेच मुळी बँका बुडाल्यावर: १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत २०१९ मध्ये पैसे अडकले तेव्हा ही मर्यादा एक लाखच होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. तेव्हापासून पाच-पाच लाख वेगवेगळ्या बँकांत विभागणारे निवृत्त लोक वाढले, आणि तेही एका अर्थी चपळ झालेलेच.

त्यामुळे रिटेल बँकिंग वाढेल, पण ठेवी महाग आणि मधला नफा बारीक अशा अवस्थेत वाढेल, असा माझा अंदाज आहे. ज्या बँकेकडे पगाराची खाती आणि रोजचे व्यवहार आहेत ती टिकून राहील. केवळ जादा व्याजावर ठेवी आणणाऱ्या बँकेला ती ठेव मुदत संपताच सोडून जाईल. बाकी बचत खात्यातली ठरावीक रकमेवरची शिल्लक आपोआप मुदत ठेवीत वळवणारी ‘स्वीप’ची सोय बहुतेक मोठ्या बँकांकडे आजही आहे. गरज पडली की तीच ठेव हवी तेवढी मोडून पैसे खात्यात परत येतात. मुदतीआधी मोडलेल्या भागावर व्याज थोडं कमी मिळतं, इतकंच. साध्या बचत खात्यावर ही सोय आपण होऊन सुरू करून देणारी बँक मात्र माझ्या पाहण्यात नाही. त्यासाठी अर्ज खातेदारानेच करायचा असतो.