जुनी अमेरिकन ड्रेस घड्याळं : घेण्याआधी आणि घेतल्यावर

हॅमिल्टन, एल्जिन, ग्रूएन किंवा बुलोव्हाचं 1940च्या सुमाराचं चौकोनी घड्याळ हातात दिलं की बहुतेक ग्राहक विचारतात, "हे लेडीज आहे का?" नाही. पट्टा साधारण 16 मिमी, केसची रुंदी एखाद्या टपाल तिकिटाएवढी. पुरुषांच्या शर्टाच्या कफखाली सहज सरकावं, म्हणून ते तेवढंच केलेलं असायचं.

मागचं झाकण उघडलं की मशीनवर ज्युएलचा, म्हणजे झीज कमी करायला चाकांच्या टोकांखाली बसवलेल्या माणिकासारख्या खड्यांचा, आकडा दिसतो. हॅमिल्टन पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला आणि एल्जिन इलिनॉयमध्ये स्वतःची मशीनं बनवत. बुलोव्हा आणि ग्रूएनची बरीचशी मशीनं स्विस. 1930च्या अमेरिकी जकात कायद्याने 17पेक्षा जास्त ज्युएलच्या आयात मशीनवर 10.75 डॉलर कर बसवला. त्यामुळे आयात मशीनं बहुधा 17वर थांबलेली दिसतात. त्यांच्यावर 'अनअ‍ॅडजस्टेड' कोरलेलं असेल तर दचकू नका, वेगवेगळ्या स्थितींत वेळ बरोबर ठेवण्यासाठी केलेल्या जुळणीवरही (अ‍ॅडजस्टमेंट) वेगळा कर होता. अमेरिकेत बनलेल्या मशीनांना हा आयात कर नव्हता; हॅमिल्टनच्या 982 मशीनला 19 आणि एल्जिनच्या 'लॉर्ड एल्जिन' घड्याळांना 21 ज्युएल मिळतात ते म्हणूनच. बुलोव्हाचं साल झाकणावरच असतं: एल म्हणजे 1950चं दशक, एम म्हणजे 1960चं. एल5 म्हणजे 1955.

किंमत मात्र डायल ठरवते. दहापट भिंगातून बघा. सेकंदाचं छोटं वर्तुळ काट्याच्या मध्याशी जुळत नसेल, नावाची अक्षरं जाड किंवा पसरट असतील, डायलच्या कडेला बारीक खाच असेल, तर ते बहुतेक पुन्हा रंगवलेलं आहे. हॅमिल्टनच्या चांगल्या डायलवर 18 कॅरेट सोन्याचे सुटे आकडे बसवलेले असतात. डायल उलटलं की त्यांच्या पिना मागे दिसतात. आमचं मत स्पष्ट आहे: पिवळसर झालेलं मूळ डायल चकचकीत नव्यापेक्षा बरं. आम्ही डायल रंगवून देत नाही.

केसवर 'गोल्ड फिल्ड' असेल तर आत पितळ आणि वर सोन्याचा पत्रा. 'रोल्ड गोल्ड प्लेट'मध्ये तो आणखी पातळ. ट्यूबलाइटखाली केस तिरकी धरून कोपरे आणि पट्ट्याची टोकं बघा. सोनं झिजून पितळ दिसतं ते आधी तिथेच. पॉलिश करायचा मोह टाळा, दर वेळी कडा गोल होतात आणि सोनं जातं.

मशीन टाइमिंग यंत्रावर लावून घ्या. पूर्ण चावी, डायल वर, अशा स्थितीत बॅलन्सचा, म्हणजे मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा, झोका 270 अंशांच्या आसपास हवा. 220च्या खाली गेला तर बहुधा तेल वाळलंय. पोलादाची जुनी मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) थकलेली असते, ती बदलून मिश्रधातूची घालावी. 'जास्त चावी दिली म्हणून अडकलं' हे खरं नसतं. चावी पूर्ण भरूनही चालत नसेल तर दोष बहुधा सुकलेल्या तेलाचा. रोज सकाळी एकदा, अडेपर्यंत चावी द्या. घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे जायला लागलं तर हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगचे) वेटोळे एकमेकांना चिकटले असतील. लोहचुंबकाच्या मोबाइल कव्हरने हे होतं. चुंबकत्व काढायला दोन मिनिटं लागतात.

युद्धाआधीच्या बहुतेक मशीनांना झटक्यापासून संरक्षण नाही. फरशीवर एकदा पडलं की बॅलन्सच्या आसाचं केसाएवढं टोक मोडतं, आणि तो सुटा भाग शोधण्यातच महिने जाऊ शकतात.

झाकणाला रबरी वॉशर नसतो. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे घड्याळ रोज वापरू नका. काचेआत वाफ दिसली तर तांदळात पुरू नका, उन्हात ठेवू नका. त्याच दिवशी दुकानात आणा. चावीच्या दांडीला गंज धरायला फार वेळ लागत नाही.