खोल शिरांतील रक्ताची गुठळी

पायाच्या स्नायूंमध्ये खोलवर असलेल्या शिरांत रक्त साकळून गुठळी होण्याचा विकार. दवाखान्यात त्याला ‘डीव्हीटी’ म्हणतात आणि रुग्णांच्या तोंडीही आता हेच नाव रुळले आहे. त्वचेखाली निळ्या, वेड्यावाकड्या फुगलेल्या दिसतात त्या शिरा वेगळ्या. ही गुठळी पोटरीत, गुडघ्यामागे, मांडीत, क्वचित ओटीपोटात होते आणि डोळ्यांना दिसत नाही. तिचा तुकडा सुटला तर तो हृदयाच्या उजव्या भागातून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकतो. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

पायातले रक्त वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने. चालणे थांबले की तो दाबही थांबतो. म्हणून खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, पाय प्लास्टरमध्ये असताना, दीर्घ आजारपणात किंवा तासन्‌तास बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका वाढतो. रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढणे ही तीन कारणे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जातात. कर्करोग, इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे यांत तिसरे कारण प्रबळ असते. बाळंतिणीला दिवसभर बाजेवर निजवून ठेवण्याची रीत म्हणूनच सोडून द्यावी.

ओळखीची मुख्य खूण म्हणजे एकच पाय सुजणे. दोन्ही पाय सारखे सुजले तर बहुधा हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताकडे पाहावे लागते. गुठळीच्या पायाची पोटरी दुखते, दाबली की कळ येते, कातडी गरम आणि तकतकीत होते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली टेप गुंडाळून दोन्ही पोटऱ्या मोजतात. 3 सेंटिमीटरांहून जास्त फरक संशय वाढवतो. डाव्या पायात हा विकार अधिक आढळतो, कारण ओटीपोटात डाव्या पायाच्या शिरेवरून उजवी रोहिणी जाते आणि तिला दाबते. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहण्याची जुनी युक्ती मात्र भरवशाची नाही. काहींना तर कोणतेच लक्षण नसते.

इथेच घरोघरी एक चूक होते. ‘लचक भरली असेल’ म्हणून कोमट तेलाने पोटरी रगडली जाते. गुठळीचा संशय असलेला पाय कधीही चोळू नये. तुकडा सुटण्याची भीती असते.

संशय कमी असेल तर रक्तातील डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना सुटणारा प्रथिनाचा तुकडा, तपासतात. तो प्रमाणात असला तर गुठळी बहुतेक नसतेच. मात्र तो वाढलेला असणे म्हणजे गुठळी असणे नव्हे. ताप, शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतही तो वाढतो. निकाल लागतो तो डॉपलर सोनोग्राफीवर. तपासनीस जांघेपासून खाली थोड्या थोड्या अंतरावर यंत्राने हलकेच दाबत जातो. निरोगी शीर दाबताच चपटी होऊन पडद्यावरून नाहीशी होते आणि शेजारची रोहिणी तेवढी धडधडत राहते. गुठळी असलेली शीर दबत नाही.

उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे. नाव असे असले तरी ही औषधे रक्त पातळ करत नाहीत आणि गुठळी विरघळवतही नाहीत. ती वाढू देत नाहीत, आणि विरघळवण्याचे काम शरीर सावकाश स्वतः करते. हेपॅरिनची इंजेक्शने, वॉरफरिन, आणि अलीकडे रिव्हारोक्झॅबान किंवा अपिक्झॅबानच्या गोळ्या वापरतात. वॉरफरिन घेताना आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, 2 ते 3 च्या दरम्यान राखावा लागतो. पालक-मेथीतले के जीवनसत्त्व वॉरफरिनचा परिणाम कमी करते, तरी या भाज्या बंद करू नयेत, फक्त रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. गरोदर स्त्रीला हेपॅरिनच देतात, कारण ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. गुठळी विरघळवणारी औषधे पाय किंवा जीव धोक्यात असेल तेव्हाच देतात, कारण त्यांनी मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

औषध किमान तीन महिने चालते. कारण सापडले नसेल किंवा कर्करोग असेल तर त्याहून जास्त. सूज उतरली की गोळ्या सोडून देण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो फार महागात पडतो. औषध सुरू झाल्यावर बहुतेकांना अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नसते, चालणेच हिताचे. या काळात एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा भोवळ आली तर सकाळची वाट न पाहता 108 वर फोन करावा.