एथिलीन नियंत्रण (फळांची साठवण)

एथिलीन हा रंगहीन वायू फळे स्वतःच तयार करतात. आंबा, केळी, चिकू, पेरू, फणस ही फळे त्याच्याच प्रभावाने पिकतात आणि पुढे त्यानेच लवकर मऊ पडून नासतात. काढणीनंतर हा वायू रोखणे, काढून टाकणे किंवा हवा तेव्हाच देणे म्हणजे एथिलीन नियंत्रण. द्राक्ष, डाळिंब झाडावरून उतरल्यावर पिकत नाहीत. त्यामुळे अथणीच्या द्राक्षबागाईतदाराला या वायूची चिंता तुलनेने कमी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या तंत्राची एक बाजू आढीच्या रूपाने घरोघर जुनीच आहे. पाडाचे आंबे भाताच्या पिंजरात थर देऊन झाकले की वायू आत कोंडतो, ऊब धरते. एथिलीनच्या संपर्काने फळ आणखी एथिलीन सोडते, म्हणून एक आंबा पिकू लागला की आढी भराभर पुढे सरकते. आपटलेल्या, डागी फळातून हा वायू अधिक सुटतो. आढी मधूनमधून उलगडून असे फळ वेचून काढण्याची घरच्या वडीलधाऱ्यांची शिस्त शास्त्राला धरूनच आहे. रशियातील नेल्युबोव यांनी या वायूचा वनस्पतींवरील परिणाम १९०१ मध्ये दाखवला. पिकणारे फळ तो स्वतः निर्माण करते हे इंग्लंडमधील गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केले.

साठवणीत मात्र नेमके उलटे करायचे असते. थंडाव्याने एथिलीनची निर्मिती मंदावते, पण केळी १३ अंश सेल्सिअसच्या खाली नेली तर साल काळी पडते. पोटॅशियम परमँगनेट भिनवलेल्या खड्यांच्या पुड्या वायू शोषून त्याचे विघटन करतात. जांभळा रंग तपकिरी झाला की पुडी संपली. १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू पेशींत एथिलीन जिथे चिकटून परिणाम करते त्या जागा अडवून धरतो. यातले काही परवडत नसेल, तर वखारीत हवा खेळती ठेवणे आणि माल वेगळा करणे एवढेही पुष्कळ. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला जाते. त्याच गाडीत पिकते आंबे भरले, तर कोबीची पाने पिवळी पडून गळतात, गाजर कडू होते.

कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे; त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि आर्सेनिक, फॉस्फरसचे अंशही असू शकतात. पिकवणगृहात एथिलीन वापरण्यास परवानगी आहे, मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग.