लेथवरील बोरिंग आणि टूलची थरथर : पार्श्वभूमी

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांवर नौकांची डागडुजी चालते आणि पंख्याच्या शाफ्टचे झिजलेले बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) बदलण्याचे काम आसपासच्या वर्कशॉपमधील लेथवर, म्हणजे काम फिरवत ठेवून धातू कातणाऱ्या यंत्रावर, येते. गनमेटलचा (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) असा लांबट बुश आतून कातताना, म्हणजे बोरिंग करताना, कापणारे टूल थरथरू लागते, कर्कश आवाज येतो आणि भोकाच्या पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. वर्कशॉपमध्ये यालाच चॅटर म्हणतात.

बाहेरून कातताना टूल टूलपोस्टच्या (टूल पकडणाऱ्या ठोकळ्याच्या) अगदी लगत धरता येते. बोरिंग बार, म्हणजे टोकाशी टूल असलेला दांडा, मात्र भोकापेक्षा बारीक आणि भोकाच्या खोलीपेक्षा लांब असावाच लागतो. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर तितक्याच जोरासाठी बार आठपट वाकतो. जाडी दुप्पट केली तर वाकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. भोकात मावेल तितका जाड आणि काम होईल तितकाच लांब बार धरावा, हा जुना नियम या हिशेबातूनच आलेला आहे.

इंग्लंडमध्ये वाफेच्या इंजिनांची सिलिंडरे आतून कातताना कटर लांब दांड्याच्या टोकाशी असे, त्यामुळे ओतकामातला वाकडेपणा भोकातही उतरे. जॉन विल्किन्सन याने १७७५ मध्ये दांडा सिलिंडरच्या आरपार नेऊन त्याला दोन्ही टोकांना आधार दिला, आणि जेम्स वॉटच्या इंजिनाला हवी तशी सिलिंडरे त्यानंतरच मिळू लागली. साध्या लेथवरही जॉब (कातायचा तुकडा) सॅडलवर (लेथच्या सरकत्या बैठकीवर) बांधून बार दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या टोकदार आधारांमध्ये) फिरवता येतो. बांधणी जुळवायला वेळ लागतो म्हणून ही पद्धत टाळली जाते. आरपार भोकाच्या लांब बुशसाठी तीच सर्वांत भरवशाची आहे, असे माझे मत आहे.

थरथर मुळात वाढते का, हे कळायला मात्र फार काळ गेला. धातुकर्तनावर दीर्घकाळ प्रयोग केलेल्या फ्रेडरिक टेलर यानेही १९०६ मध्ये चॅटर हा कारागिरापुढील सर्वांत दुर्बोध प्रश्न असल्याचे मान्य केले होते. १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातील ट्लस्टी आणि इंग्लंडमधील टोबायस या संशोधकांच्या कामातून उलगडा झाला : मागच्या फेरीत उरलेली लाट पुढच्या फेरीत टूलखाली येते, चिपची (निघणाऱ्या धातूच्या किसाची) जाडी कमीजास्त होते, कापण्याचा जोर त्याप्रमाणे बदलतो आणि थरथर स्वतःलाच खतपाणी घालत राहते. वेग कमी केल्याने बहुधा आराम पडतो, पण कधी वेग वाढवूनही आवाज थांबतो, तो नव्या आणि जुन्या लाटेचा मेळ बदलल्यामुळे.

थरथर आली की दिला जाणारा ‘काप हलका घे’ हा सल्लाही अर्धवट आहे. टूलच्या नाकाची त्रिज्या ०.८ मिमी आणि कापाची खोली ०.२ मिमी असेल, तर धार कापण्यापेक्षा घासते आणि जोर बारला आडवा ढकलण्यात जातो, तिथे ०.४ किंवा ०.२ मिमी त्रिज्येचे, धारदार आणि पॉझिटिव्ह रेकचे (वरचा पृष्ठभाग धारेपासून मागे उतरता असलेले) टूल अधिक शांत चालते.

उरलेला इलाज बारमध्येच शोधला गेला. विडिया म्हणून ओळखले जाणारे टंगस्टन कार्बाइड १९२० च्या दशकात जर्मनीत बाजारात आले. त्याचा ताठरपणा पोलादाच्या सुमारे तिप्पट असल्याने, पोलादी बार व्यासाच्या साधारण चौपट लांबीपर्यंत साथ देतो, तर कार्बाइडचा सहापटीपर्यंत. त्याहून खोल भोकासाठी पोकळ टोकात रबरी कड्यांवर तोललेले जड वजन बसवलेले बार निघाले. बार एका बाजूला झुकला की वजन मागे रेंगाळते आणि कंप शोषून घेते. अशा कंपशामक वजनाचा सिद्धांत ऑरमंड्रॉइड आणि डेन हार्टोग यांनी १९२८ मध्येच मांडला होता. किंमत पाहता हे बार छोट्या वर्कशॉपला सहसा परवडत नाहीत. एका बाजूने बंद असलेल्या खोल भोकात मात्र दुसऱ्या टोकाला आधार देण्याची सोयच नसते, आणि त्यांचा खर्च तिथेच पटतो.